१ लाख ८० हजार चाललेली ऑटोमॅटिक अन् तिचं ऑइल : वाचकांचे गाडीप्रश्न

प्रश्न : नमस्कार भाऊ. मामानं नागपूरहून एक सेकंडहँड सात सीटर आणली, २०१६ ची, डिझेल, ऑटोमॅटिक, मीटर १ लाख ८० हजारावर आहे. गाडी झकास आहे पण सकाळी पहिल्यांदा पी (पार्क) मधून डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली की एक गचका देते, बाकी दिवसभर काहीच नाही. सर्व्हिसबुकात गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही. अकोल्यात एका मिस्त्रीनं सांगितलं हात लावू नका, इतक्या किलोमीटरनंतर ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतेच. दुसरा म्हणते मशीन लावून पूर्ण फ्लश करून देतो, नवी होऊन जाईन. तिसरा म्हणते लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं कामच नाही. तिघं तीन सांगून राहिले, आता ऐकायचं कोणाचं?
— एक वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : भाऊ, असलं पत्र दर महिन्याला एखादं तरी येतेच, गाडी वेगळी, गाव वेगळं, पण ते तीन सल्ले सेम टू सेम. पहिले तो "ऑइल बदललं की बसते" वाला घेऊ, कारण लोक त्यालाच सगळ्यात जास्त भेतात. होते काय, की आपल्याकडं ऑटोमॅटिकच्या ऑइलकडं कोणी पाहतच नाही जोवर गाडी नाटकं करत नाही, मग एक दिवस रेस चढते पण गाडी पळत नाही, गिअर सुटल्यासारखा वाटते, तेव्हा कुठं गाडी गॅरेजला जाते, मिस्त्री ऑइल बदलून देते, अन् पंधरा दिवसांत गिअरबॉक्स गेला. झालं, ऑइलवर नाव. अरे पण तो आधीच चालला होता ना! आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर घासून संपलं होतं, त्या अस्तराची भुकटी जुन्या ऑइलात फिरत होती अन् तिच्यामुळं थोडीफार पकड मिळत होती, नवीन स्वच्छ ऑइल टाकलं तं तेवढाही आधार गेला. मिस्त्रीचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे. ज्या गाडीच्या प्लेटा संपल्या तिला नवीन ऑइल वाचवत नाही, अन् जिच्या शाबूत आहेत तिला नवीन ऑइल मारत नाही. तुमच्या मामाची गाडी यातली कोणती, हे पाहणं खरं काम, बाकी सगळं त्याच्या नंतर.

लाइफटाइमचं सांगायचं तं जर्मनीची झेडएफ कंपनी, जी मोठमोठ्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देते, ती स्वतः म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला नाहीतर जास्तीत जास्त ८ वर्षांत ऑइल बदला. आता बनवणाराच बदला म्हणून राहिला तं विकणाऱ्याचं काय ऐकायचं. अन् गाडीसोबत जे मॅन्युअल येते ना, जे सगळे डॅशबोर्डात कोंबून ठेवतात, त्यात मेंटेनन्सचा एक वेगळा तक्ता बहुतेक वेळा असतो, जास्त गरमी, धूळ, खराब रस्ते, भरलेली गाडी अशा वापरासाठी. तो तक्ता आपल्यासाठीच आहे. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, कापसाच्या नाहीतर लग्नाच्या सीझनमध्ये सात सीटरमध्ये दहा जण अन् टपावर सामान, गावातून मेन रोडपर्यंत खड्ड्यातून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, याच्यापेक्षा जड वापर काय असते? या ऑइलचं काम निसतं वंगणाचं नाही, इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून (म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधला ऑइलनं भरलेला जोड) तेच पुढं नेते, गिअर बदलायचं प्रेशर तेच देते, क्लचची पकड तेच सांभाळते अन् वरून गरमीही तेच बाहेर काढते. धंद्यातला जुना ठोकताळा असा आहे की ऑइल ८० डिग्रीच्या आसपास राहिलं तं लय वर्षं टिकते, अन् त्याच्या वर दर ११-एक डिग्रीला आयुष्य अर्धं होत जाते. म्हणून समृद्धीवर एका चालीत नागपूर-शिर्डी करणाऱ्या गाडीचं ऑइल मस्त राहते अन् तालुक्यात घिरट्या घालणाऱ्याचं कमी किलोमीटरमध्येच काळं पडते. मीटर पाहून ऑइलचं वय सांगता येत नाही, ऑइलच पाहा लागते.

तर पाहायचं कसं. आधी चालवून पाहा. गाडी गरम झाल्यावर ब्रेक दाबून डी मध्ये टाका, सेकंदाच्या आत गिअर पकडला पाहिजे, दोन-तीन सेकंद वाट पाहा लागत असेल तं ऑइल कमी आहे नाहीतर आत झीज आहे. मग मोकळ्या रोडवर हळूहळू वेग वाढवा अन् आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा, गिअर बदलताना काटा उगाच वर उसळला अन् गाडी मात्र तिथंच, तं प्लेट सरकून राहिली. तिसरं, ६०-८० च्या स्पीडला अगदी हलका पाय ठेवला की रंबलरवरून गेल्यासारखी थरथर लागते का ते पाहा. ही थरथर कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची (तो इंजिनला गिअरबॉक्सशी थेट जोडते), अन् हा एक असा आजार आहे जो बऱ्याच वेळा निसत्या नवीन ऑइलनं बरा होते, कारण ऑइलमधली पकड सांभाळणारी केमिकलं संपलेली असतात.

मग ऑइल पाहा. जुन्या गाड्यांना गिअरबॉक्सचं ऑइल पाहायची वेगळी दांडी यायची, आता बहुतेकांना नाही, म्हणून खालून नट ढिला करून थोडं काढा लागते. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका अन् चहा पिऊन या. लालसर-तपकिरी डाग पसरत गेला तं काही घाबरायचं नाही, १ लाख ८० हजारात ऑइल लाल कुठून राहील. मधोमध काळा चिकट ठिपका जमून बसला अन् वास जळका येते, तं प्रकरण पुढं गेलं आहे. अन् गुलाबी, दुधाळ दिसलं तं रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत आलं, तेव्हा गाडी चालवायचीच नाही, उचलूनच न्यायची. गिअरबॉक्सखालचं ऑइलचं चेंबर उघडता येत असेल तं आतल्या लोहचुंबकावर काय बसलं ते मिस्त्रीनं पुसायच्या आधी तुम्ही पाहा. करडा, काजळासारखा बारीक लेप असतेच, तो सगळ्यांना असते. बोटाला टोचतील असे कपचे, तुकडे दिसले तं मात्र ऑइलवर एक रुपया खर्चू नका, तो पैसा गिअरबॉक्स उघडायच्या कामाला ठेवा.

तुमच्या पत्रात सरकणं नाही, थरथर नाही, फक्त सकाळचा गचका आहे. मला विचाराल तं हा गचका गिअरबॉक्सचा नसेलही. थंड इंजिनचं आयडल चढलेलं असते, अन् तशातच लगेच डी टाकला की झटका बसते, वरून १ लाख ८० हजारात इंजिन अन् गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर बसलेलं असते. पहिले माउंटिंग तपासा, ते ऑइलपेक्षा लवकर कळते. अन् मामाला म्हणा सेल मारल्यावर आरपीएम खाली येईस्तोवर थांबत जा, तेवढ्यात कोणती गाडी सुटून जाणार आहे!

आता बदलायचं कसं. मशीनवाल्याचं नाव मी लगेच खोडत नाही, कारण मशीनं दोन जातीची आहेत. एक कूलरच्या पाइपला जोडतात अन् गाडीच्या स्वतःच्या पंपाच्या जोरावर जुनं बाहेर, नवीन आत, ते चालते. दुसरं बाहेरून प्रेशर देते, वरून आत धुवायचं केमिकल टाकतात, ते कधीही न बदललेल्या गाडीला नको रे बाबा. वर्षानुवर्षाचा गाळ एका झटक्यात सुटते अन् व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइल कुठं जायचं ते ठरवणारा भाग) बारीक भोकांत, सोलेनॉइडांत (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) जाऊन अडकते. तुमच्या तालुक्यात कोणाकडं कोणतं मशीन आहे हे मला इथं बसून कसं कळावं, म्हणून सरळ रस्ता सांगतो, ड्रेन अन् फिल. नट उघडायचा, जेवढं पडते तेवढं पडू द्यायचं, तेवढंच नवीन भरायचं. कन्व्हर्टरमधलं ऑइल असं निघत नाही म्हणून एका वेळेस निम्म्याच्या आसपासच बदलते. समजा एकूण ८ लिटर मावते अन् नटातून ४ निघालं, तं पहिल्या वेळेस निम्मं नवीन, गाडी हजारेक किलोमीटर चालवली अन् परत केलं की पाऊण, तिसऱ्यांदा केलं की साडेसत्त्याऐंशी टक्के. १२ लिटर ऑइल लागते, स्वस्त काम नाही, पण गाळ हळूहळू निघते अन् गिअरबॉक्सला झटका बसत नाही. हातात तेवढे पैसे नसतील तं दोनदा करा, तिसरं पुढच्या वर्षी.

दोन गोष्टी मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून करून घ्या. एक, ऑइल काढायचा नट उघडायच्या आधी भरायचा नट उघडून पाहा. भरायचा जाम झाला असेल अन् खालून सगळं सांडून बसले तं गाडी तिथंच मुक्कामाला. दुसरं, निघालेलं ऑइल मापाच्या डब्यात घ्या, अन् आठवणीनं तेवढंच भरा, मिस्त्री बोलता बोलता परातीत सोडून देतात, मग किती निघालं कोणालाच माहीत नाही. फिल्टर अन् पॅकिंग खालच्या चेंबरमधून बदलता येत असेल तं त्याच वेळेस बदला, काही गाड्यांत फिल्टर गिअरबॉक्सच्या पोटात असते, तो फाडल्याशिवाय निघत नाही, तिथं नाद सोडा. चेंबरचे बोल्ट लहान असतात, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, चाकाच्या नटासारखा जोर लावला की आटे गेलेच.

अन् आता लेव्हल, इथं आपल्याकडं हमखास गडबड होते. दांडी नसलेल्या गाड्यांत लेव्हल ऑइलच्या टेम्परेचरवर पाहतात, गाडी सपाट, इंजिन चालू, लिव्हर एकदा सगळ्या गिअरमधून फिरवलेला, स्कॅनरवर ऑइल ४० डिग्रीच्या आसपास आलं (नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलात पाहा) की लेव्हलचा नट काढायचा, धार निघते, धारेचे थेंब झाले की नट बंद. आता मला सांगा, मे महिन्यात दुपारी टिनाच्या शेडखाली उभी गाडी, तिचं ऑइल सेल मारायच्या आधीच ४२-४३ वर असते. गरम ऑइल फुगते, जास्तीचं बाहेर पडते, अन् थंड झाल्यावर आत कमी भरते. पंप हवा ओढते, गिअर उशिरा पकडते, अन् परत आळ नवीन ऑइलवर. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे सहाला, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. मिस्त्री कुरकुर करीन, करू द्या. अन् इंजिन चालू ठेवून खाली जायचं आहे, तेव्हा पिट नाहीतर लिफ्ट असलेलंच गॅरेज पाहा, जॅकवर हे काम करू देऊ नका. जास्त भरलं तं बरंच, असंही नाही, फिरणारे पार्ट ऑइल घुसळतात, फेस होते, अन् फेसानं प्रेशर बनत नाही.

ऑइल कोणतं? मॅन्युअलात जे नाव तेच. टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या सहा गिअरवाल्या बऱ्याच ऑटोमॅटिकला एसपी-फोर, होंडाच्या जुन्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांना डीडब्ल्यू-१, अशी ज्याची त्याची वेगळी. पॉवर स्टिअरिंगमध्ये टाकतात ते ड्रममधलं सुटं लाल ऑइल "एकच असते हो" म्हणून कोणी टाकू लागलं तं हात धरा. सगळ्या गाड्यांना चालते असं लिहिलेलं ऑइल घ्यायचंच असेल तं डब्याच्या मागच्या यादीत तुमचं नेमकं नाव छापलेलं आहे का ते वाचून घ्या. सीलबंद डबे तुमच्यासमोर फोडा, अन् बिल घ्या, कारण या गाडीच्या बुकात पहिली नोंद तुम्हीच करून राहिले.

प्रश्न : माझी छोटी हॅचबॅक आहे, क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. ९५ हजार झाले. मिस्त्री म्हणतो ऑटोमॅटिक आहे तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) टाकावं लागेल, खर्च बराच सांगितला. खरंच लागतं का?
— एक शिक्षिका, वणी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, गिअरच्या लिव्हरजवळ पाहा, पी लिहिलेलं आहे का? आर, एन, डी अन् एम-प्लस-मायनस एवढंच असेल अन् पी नसेल, तर तुमची गाडी जवळजवळ नक्की एएमटी. भारतात हा प्रकार २०१४ च्या सेलेरिओपासून आला अन् मग सगळ्यांनी घेतला. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स अन् साधी क्लच प्लेट, फक्त पायाच्या अन् हाताच्या जागी एक यंत्र बसवलं. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टरच नाही तर एटीएफ कुठं टाकणार? तिला मॅन्युअल गाडीचं गिअर ऑइल लागतं, तेही थोडंसंच, अन् ते यंत्र हायड्रॉलिकवर चालणारं असेल तर त्याचं वेगळं फ्लुइड एका छोट्या डबीत असतं, त्याची लेव्हल तेवढी पाहून घ्या. ९५ हजारात खर्च आला तर तो क्लच प्लेटचा येईल, विशेषतः चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर. मिस्त्रीचा हेतू वाईट असेल असं नाही, बऱ्याच जणांना या दोन ऑटोमॅटिकमधला फरकच माहीत नाही. पण एटीएफ टाकू देऊ नका. अन् पी आहे पण चालताना गिअर बदलल्याचं अजिबात जाणवत नाही, अशी कोणाची गाडी असेल तर ती सीव्हीटी (गिअरऐवजी बेल्ट अन् पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असू शकते, तिला तिचं सीव्हीटी फ्लुइडच लागतं, होंडाचं एचसीएफ-२, निसानचं एनएस-३ असं, तिथं साधं एटीएफ टाकलं तर बेल्ट अन् पुली खराब होतात.

प्रश्न : आमच्याकडे रोवणीच्या दिवसात धानाच्या बांधीच्या बाजूनं चिखलात गाडी फसते. मागच्या वर्षी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून सात-आठ किलोमीटर ओढत लाखांदूरला नेली. तेव्हापासून गिअरबॉक्समधून आवाज येते. ऑइल बदललं तर जाईल का? गाडी ऑटोमॅटिक आहे.
— एक शेतकरी, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, तुम्ही विचारलं तं स्पष्ट सांगतो, आवाज सुरू झाला म्हणजे निसतं ऑइल बदलून जाईल याची आशा कमी. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल फिरवणारा पंप इंजिनवर चालते. इंजिन बंद अन् चाकं मात्र फिरून राहिली, म्हणजे आतले गिअर, बेअरिंग कोरडे घासतात, न्यूट्रलमध्ये टाकली तरी. चिखलातून चार हात बाहेर ओढणं वेगळं, सात-आठ किलोमीटर वेगळं. म्हणून अशी गाडी फ्लॅटबेडवर न्यायची, नाहीतर इंजिन ज्या चाकांना ताकद देते ती चाकं वर उचलून. मॅन्युअलात टोइंगचं पान असते, किती दूर अन् किती हळू ते तिथं लिहिलं असते. अन् धक्का मारून ऑटोमॅटिक चालू होत नाही, पोरांना फुकट दमवू नका, बॅटरी उतरली असेल तं दुसऱ्या बॅटरीची केबल लावा.

तरी ऑइल काढाच, पण पाहण्यासाठी. बांधीच्या पाण्यात गाडी किती खोल गेली होती? गिअरबॉक्सला वर श्वास घ्यायची एक नळी असते, गरम गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की तिथून पाणी ओढू शकते. ऑइल दुधाळ निघालं तं पाणी गेलं समजा, मग एकदा बदलून भागत नाही, अन् जितके दिवस पाणी आत राहिलं तितकं क्लच प्लेटांचं अस्तर सुटत जाते. ऑइल साफ अन् आवाज मात्र कायम, तं बेअरिंग. तेव्हा गिअरबॉक्स खोलणाराच मिस्त्री पाहिजे, तुमच्याकडून नागपूर जवळ आहे, तिथं दोन-तीन जणांना आवाज ऐकवा अन् मगच ठरवा. साकोलीत कोणी "ऑइलमध्ये ही बाटली टाका, आवाज बंद" म्हणत असेल तं आवाज काही दिवस बंद होईलही, बेअरिंग बरं होणार नाही.

प्रश्न : चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना जळका वास येतो. गिअरबॉक्सचं ऑइल जळतंय का?
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : उतारावर वास आला तर बहुतेक ब्रेकचा. डी मध्ये ठेवून पूर्ण घाट ब्रेकवर उतरले की असंच होणार. लिव्हर एल, २ नाहीतर मॅन्युअल मोडवर घ्या, इंजिन गाडीला अडवते. वास चढताना येत असेल तर मात्र ऑइल तपासून घ्या.

प्रश्न : काढलेलं जुनं एटीएफ बैलगाडीच्या जुवाला, लाकडाला उधईसाठी लावलं तर चालते का? आमच्याकडं इंजिनचं जुनं ऑइल सगळे लावतात.
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : सगळे लावतात हे मलाही माहीत आहे. पण वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडते, त्यात धातूची भुकटी असते, पावसात धुऊन ते धुऱ्यावरून विहिरीकडं जाते अन् अंगालाही लागते. ऑइल आलं त्याच डब्यात परत भरा अन् जिथं मोठं गॅरेज जुनं ऑइल रिसायकलवाल्याला देते तिथं देऊन या, बरेच जण दोन पैसेही देतात. अन् एक जपा, उरलेलं नवीन ऑइल पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. ते लालभडक असते, लेकराला शरबत वाटते.